गाळलेली ओळ

गुरुजी,

तुम्हाला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटली. आयुष्यभर मुलींच्या वह्या लाल शाईनं रंगवून निवृत्त झाले, तरी तुमच्यापुढे मी अजून चौथीतलीच. मी आता सांगलीत असते. गुडघे कुरकुरतात, पण सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येते. गच्चीवर डब्यांत हळद लावली आहे. हळदीच्या पेठेत राहून डब्यात हळद लावणारी बाई म्हणून शेजारीपाजारी हसतात, हसू देत. तुम्ही लावलेला तिकिटांचा नादही सुटलेला नाही. सात वह्या भरल्या. मालक गेल्यापासून घरात मी आणि वहिनी, दोघीच. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दादा लढाईत गेला आणि त्याच्यामागून काही वर्षांनी आई गेली, तेव्हा मी त्यांना गावाहून इथे आणलं. तुमच्याविषयी या घरात एक गोष्ट इतकी वर्षं चुकीची सांगितली जात होती. ती माझ्यामुळे. त्याबद्दलच लिहायचं आहे.

म्हसवडजवळच्या आमच्या त्या कोरड्या गावात शाळा तुमची आणि पोस्टही तुमचंच. शाळेच्या कोपऱ्यात ती लाकडी पेटी, तिच्यावर शिक्का आणि शाईची गादी. गावातली निम्मी घरं पलटणीत माणूस दिलेली, त्यामुळे पत्र आलं की तुम्हीच ते पोचवायचं आणि तुम्हीच वाचून दाखवायचं. जुन्या पाकिटांवरची तिकिटं तुम्ही मला द्यायचात. पहिल्यांदा मी एक नखानं ओढून काढलं, तर केवढे रागावलात! "तिकीट ओढायचं नसतं. पाण्यात ठेवायचं आणि त्याला सुटू द्यायचं. घाई असेल तर दुसरा छंद बघ." आणि मग तुमच्याच एका जुन्या वहीची कोरी पानं शिवून मला दिलीत. मुलीला असली वस्तू कोणी देत नसे तेव्हा. मी ती वही उशाला घेऊन झोपायची.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही दादाचं पाकीट माझ्या हातात दिलंत. "आईला दे, संध्याकाळी येतो वाचायला." फौजेच्या पत्रांना तिकीट नसायचं, नुसते शिक्के. या पाकिटावर मात्र शिक्क्यांच्या शेजारी, वरच्या कोपऱ्यात, मिसर देशाचं तिकीट होतं. दादानं कुठल्याशा बाजारातून घेऊन मुद्दाम चिकटवलेलं. मी चालते आहे आणि तिकिटावरची नजर हलत नाही. घरात शिरलं की पत्र आई देव्हाऱ्यात ठेवणार, आणि देवापुढच्या पत्राला हात लावायची सोय नव्हती. बाभळीखाली थांबले आणि तिकीट कोपऱ्यासकट फाडून घेतलं. घाईत तेही मधोमध फाटलं. पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि परसात पळाले.

कोपऱ्याचा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. कुणी मेल्याचं कार्ड कोपरा फाडून टाकायचं, ते घरात घ्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचून फाडायचं, आंघोळ करायची, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तिकीट होतं. वहिनी अंगण सारवत होत्या. शेणानं भरलेले हात तसेच धरून त्या आईला हाक मारत ओरडल्या, "आत्याबाई! कोपरा!"

पुढचं मी परसाच्या दारातून पाहिलं. आई मटकन बसली. बाया धावून आल्या. पाकीट कुणी उघडलं नाही. कोपरा फाटलेल्या पत्रात काय लिहिलंय ते कोपऱ्यानंच सांगितलेलं असतं. शेजारच्या चुलतीनं वहिनींचे हात धरले आणि बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या, कपाळ पदरानं पुसलं. वहिनी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या असतील. मी तोंड उघडलं नाही. मुठीत ते फाटकं तिकीट होतं.

कुणीतरी तुम्हाला बोलावून आणलं. तुम्ही अंगणात उभं राहूनच पाकीट फोडलंत आणि मोठ्यानं वाचायला लागलात. दादा खुशाल होता. बैलाचा खूर बरा झाला का विचारत होता, सिद्धनाथाला नारळ फोडायला सांगत होता. एके ठिकाणी तुम्ही अडलात. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि पुढे वाचत गेलात. वाचून झाल्यावर म्हणालात, "कोपरा माझ्या हातून फाटला. टपालाची पिशवी उघडताना सुरी लागली."

आई रडता रडता चिडली. "आवं गुरुजी, तुमी शिकल्यालं मानूस! तुमाला कोपऱ्याचा अर्थ ठावा न्हाई व्हय? पोरीचं हात बघा की."

"चुकलं माझं," एवढंच तुम्ही बोललात.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता छडी. तुम्ही सगळ्या मुलांना पाढे म्हणायला लावलंत आणि मला पेटीजवळ बोलावून विचारलंत, "तिकीट कुठंय?" फाटलं म्हणून विहिरीत टाकलं, असं मी सांगितलं. "पाण्यातच टाकायचं होतं, पण विहिरीच्या नाही," म्हणालात. मला हसू फुटेना, रडूही येईना. मग हळूच म्हणालात, "घरी आत्ता काही बोलू नकोस. वहिनीला नव्या बांगड्या भरू देत. राग निवला की सांगू." पण राग निवलाच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, तशातली गत झाली. लोक पत्रं वाचून घ्यायला दुसऱ्या गावच्या पेन्शनर हवालदाराकडे जाऊ लागले. "मास्तराच्या हाताला आपशकून हाय," अशी बोलवा उठली. वर्षाच्या आत पोस्टाची पेटीही शाळेतून हलली. मी रोज ती रिकामी जागा बघत होते आणि अळीमिळी गुपचिळी.

आणि मग खरी बातमी आली, इटलीतून. सरकारला आपला रिवाज काय ठाऊक? पाकीट चारही कोपऱ्यांनी धड होतं. आईनं त्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं आणि हवालदार येईपर्यंत अर्धा दिवस त्याच्यापुढे दिवा जळत राहिला. तेराव्याला तुम्ही आलात, ओट्याच्या कडेला बसलात. वहिनी आतून, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "जित्या मानसाच्या नावानं बांगड्या फोडाया लावल्या ह्येनी. तवाच माझं कुकू गेलं." तुम्ही ते ऐकलंत. तुमच्या हातातला पाण्याचा तांब्या तुम्ही न पिता खाली ठेवलात. मी दाराआड होते. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर हे पत्र आज लिहावं लागलं नसतं. पुढे तुमची बदली झाली. तुम्ही वारल्याचं मला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करताना सांगलीत कळलं, महिन्यानं.

ते मिसरचं पत्र आईला घरात नको होतं, पण वहिनींनी ते ट्रंकेत लुगड्याखाली लपवून ठेवलं. त्यांना वाचता येत नाही. दर पितृपंधरवड्यात दादाच्या तिथीला त्या ते काढतात आणि म्हणतात, "वाचा, वन्सं." मी वाचते. आणि जिथे तुम्ही अडला होतात, तिथली ओळ गाळते. पहिल्यांदा गाळली ती भीतीनं, नंतर सवयीनं. वहिनींना सगळं पत्र पाठ आहे, त्या माझ्या आधी पुढचा शब्द म्हणतात, त्यामुळे ती ओळ मधे घुसवणं दरवर्षी जास्त अवघड होत गेलं. आणि आणखी एक. शाळेतर्फे मी प्रौढ बायकांचे वर्ग घेतले, भाजीवालीला सही करायला शिकवली. वहिनी एकदा म्हणाल्या, "मला बी शिकवा की." मी म्हटलं, "आता या वयात कशाला? मी आहे ना वाचायला." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आज तिथी होती. कावळ्याला पान ठेवून आम्ही बसलो. पत्राची घडी नेमकी त्या ओळीवर पडते आणि कागद तिथेच विरत चाललाय. मी पाहिलं, आणखी एक वर्ष गेलं तर वाचायला ओळच उरणार नाही. म्हणून वाचली. "पाकिटावरचे तिकीट धाकटीसाठी आहे. तिने ओढू नये. तिच्या वहिनीकडून वाफेवर सोडवून घ्यावे. तिचा हात हलका आहे."

वहिनी म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लावली. गुरुजी, तुम्ही त्या दिवशी एका पोरीला वाचवायला ती ओळ गाळलीत. पण फौजेतला नवरा बायकोला पत्र लिहीत नसे, आईच्या पत्रात तिचं नावही घेत नसे. सबंध पत्रात वहिनींचा उल्लेख तेवढ्या एका ओळीत होता. तो त्यांना आज मिळाला.

त्यांनी स्वतःचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "माझा हात हलका हाय म्हनत्यात?" आणि मान वर करून, "मग कोपरा मास्तरांनी न्हाई फाडला?"

"नाही. मी फाडला."

मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. त्यांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "मास्तरांना येक पत्र टाका. म्हनावं, लय चुकलं माझं."

"वहिनी, ते जाऊन किती वर्षं झाली."

"ठावं हाय मला. तरी बी टाका." त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. जेवल्याही पाठ करून.

तर हा त्यांचा निरोप. टाकायचा कुठे ते मला माहीत नाही, कागद तिकिटांच्या वहीत राहील. माझं म्हणाल, तर जेवण झाल्यावर मी त्यांची माफी मागताना सांगितलं की लहानपणी मला त्या ओळीत फक्त माझं तिकीट दिसलं, त्यांचं काही त्यात आहे हे कळलंच नाही. ते खरं आहे. पण माझं लग्न झालं, मालक परगावी नोकरीला गेले आणि मी त्यांच्या पत्रात माझ्यापुरता शब्द शोधायला लागले, त्याच वर्षी मला ते कळलं होतं. हे मी वहिनींना सांगितलेलं नाही.