चष्मा काढून पाहिलेली मारामारी

४ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

काल भुंग्याचा फोन येऊन गेला. मला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तो गिळतो. त्यामुळे एवढंच हाती लागलं की तुमचा सिनेमा पुरा होत आलाय आणि त्यातल्या एका मारामारीवरून तुम्हा बहीणभावांची जुंपलीय. तू म्हणे त्याला सांगितलंस, की तो प्रसंग असाच राहणार असेल तर माझं नाव काढून टाक.

शाळेत असताना तुम्ही माझ्या शिवणयंत्राच्या खोक्यावर खडूने लिहून ठेवलं होतं: दिग्दर्शक भुंगा, संकलन मुंगी. खडू पुसला जाऊ नये म्हणून मी वरून मेणबत्ती घासली होती. त्या खोक्यात मी अजून दोऱ्याची रिळं ठेवते. दादा, म्हणजे तुमचे बाबा, गेल्यावर तुम्हाला मी वाढवलं असं लोक म्हणतात, पण खरं तर तुम्हीच एकमेकांना वाढवलंत, मी आपली जेवायला घालत होते. म्हणून विचारते, नाक खुपसायला नव्हे.

फोनवर दोघंही माझ्याशी गोड बोलता आणि काही सांगत नाही. कागदावर लिही, म्हणजे मला दोनदा वाचता येईल. तुझी कामाची खोली अजून बिनखिडकीचीच आहे का? अधूनमधून बाहेर पडत जा, कुंडीतल्या झाडालासुद्धा ऊन दाखवावं लागतं.

गुडघे कुरकुरतात, पण कामाला नाही म्हणत नाहीत. उत्तर लवकर आलं तर आशीर्वाद दुप्पट, उशिरा आलं तर आहेत तेवढेच.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोलीला खिडकी नाहीच. पडदा मोठा घेतलाय, तीच खिडकी.

सिनेमा सुपरहिरोचा आहे, पण उडणाऱ्या, झगमगीत कपड्यांतल्या नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणारा एक अबोल माणूस अपघातातून वाचतो. मग कळतं की त्याला आता काही लागत नाही आणि त्याच्या हातात यंत्राचं बळ आलंय. लोक त्याला पोलाद म्हणू लागतात. एक गोदामवाला आत माणसं झोपलेली असताना स्वतःचंच गोदाम पेटवून देतो. पोलाद त्याला एका इमारतीच्या जिन्यात गाठतो आणि बेदम मारतो. आमचं भांडण त्या मारण्यावरून.

भुंग्याने ते फार लांबवलंय. आधी जबडा, मग दात, मग हात कोपरातून उलटा. सगळं जवळून आणि भरउजेडात. पहिल्या ठोशाला मी स्वतः खुर्चीत मागे सरकले. पाचव्याला माझ्या लक्षात आलं, की मी मेकअपवाल्याने हाड किती हुबेहूब केलंय ते बघतेय. म्हणजे माणूस केव्हाच गेला होता, नुसती कारागिरी उरली होती. मागच्या आठवड्यात निवडक प्रेक्षकांना सिनेमा दाखवला, तर हात मोडला तेव्हा मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. पोलाद त्या जिन्यात माणूस म्हणून संपतो, हे सांगण्यासाठी आम्ही तो प्रसंग लिहिला होता.

मी म्हटलं, आपण सांगायला निघालो त्याच्या उलट झालं. तो म्हणाला, मी पहिल्यापासूनची घाबरट, कापून मोकळी होते. मग मीही बोलले, की त्याला रक्त दाखवायला आवडतं आणि त्यालाच तो खरेपणा म्हणतो. नावाचं त्यानंतर तोंडून गेलं. गेलं ते गेलं, पण मागे घेणार नाही.

सोबत दोन प्रती पाठवतेय, शेजारणीच्या मुलीकडून टीव्हीला जोडून घे. एक माझी, एक त्याची. कुठली कोणाची ते सांगत नाही, नाहीतर तू दोघांचं मन राखशील.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया जरा डोळे उघडे ठेवून करावी, ही विनंती.

तुझी
मुंगी


११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र मिळालं असेलच, आणि त्यात मी खाटीक ठरलो असेन. माझीही बाजू ऐक.

या जातीच्या सिनेमांत अख्खं शहर कोसळतं आणि एकाच्याही नाकातून रक्त येत नाही. ठोसा खाल्लेला माणूस भिंत फोडून पलीकडे जातो आणि कपडे झटकत उठतो. लहान मुलं खाऊ खात ते बघतात. मला ते जास्त क्रूर वाटतं. पोलादच्या हातात यंत्राचं बळ असेल, तर ते हाडावर पडल्यावर काय होतं ते दाखवायलाच हवं. नाहीतर तो रबरी बाहुला आणि समोरचाही बाहुला. मग गंभीर सिनेमा करतोय असं म्हणू तरी नये.

टाळ्या वाजल्या हे खरं. मीही तिथेच होतो. पण मला टाळी वाजवणाऱ्याला पकडायचंय. दार लावून घेतलं तर त्याला लाज कशाची वाटणार? ताईच्या प्रतीत दार लावून घेतात. दार लावलं की आतलं संपतं असं तिला वाटतं, कारण ती नेहमी आत होती. बाहेर उभं राहणाऱ्याला विचार.

पैसे लावणाऱ्यांना दोन्ही चालतं, त्यांना फक्त सिनेमा वेळेवर हवाय. महिनाअखेर प्रत कायमची बंद होईल, मग काही बदलता येणार नाही. ताईच्या नावाशिवायचा सिनेमा मला नकोय. पण तिच्या नावासाठी खोटा सिनेमाही मी करणार नाही.

माझ्या वाट्याची माया तिला देऊ नकोस, एवढं बघ.

तुझा
भुंगा


१७ मार्च

चि. मुंगी आणि चि. भुंगा यांस,
अ. उ. आ.

एकच पत्र दोघांना, म्हणजे कोणाला जास्त ओळी मिळाल्या याचा हिशोब नको. भुंग्या, तुझं पत्र मुद्दाम अजून फोडलेलं नाही, नुसत्या दोन्ही प्रती पाहिल्या. शेजारणीची मुलगी बसली होती, तिने मध्ये दोनदा मला पाणी आणून दिलं.

आधी किरकोळ. पोलादचा कोट खांद्यात ओढतोय. एवढा बळकट माणूस, हात वर केला की बगलेत उसवणारच. माझा जन्म काज-बटणात गेला, पण एवढं मलाही दिसतं. आणि गोदामाच्या आगीनंतर जे रक्त दाखवलंय ते सरबतासारखं आहे.

आता मुद्द्याचं. पहिल्या प्रतीत एक ठोसा बसतो आणि जिन्याचं दार लागतं. मला राग आला. मोठ्यांचं बोलणं सुरू झालं की पोरांना बाहेर घालवतात, तसं मलाच कोणी उठवून बाहेर काढल्यासारखं वाटलं. दुसरी प्रत मात्र मनाला भिडली. तीत तुम्ही सगळं धूसर केलंत आणि नुसते आवाज ठेवलेत, ते फार समजून केलंय. काही दिसत नाही, पण तो माणूस श्वास कसा घेतोय ते ऐकू येतं. मी रडले. मुंगी, ही प्रत तुझी असणार, तुझा हात मी ओळखते; दारवाली भुंग्याने चिडून कापलेली दिसते. भुंग्या, हट्ट सोड, ताईचं ऐक.

आशीर्वाद दोघांना सारखे, मापून.

तुमची आत्या


२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुसरी प्रत भुंग्याची आहे. दार लावणारी माझी.

तुझं पत्र त्याने स्टुडिओतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, शेवटच्या दोन ओळी गाळून. माझ्याशी बोलत नव्हता तो खास तेवढ्यासाठी खोलीत येऊन गेला. मला फक्त एक कळत नाही. त्या प्रसंगात धूसर काहीच नाही. पडद्यावर दातसुद्धा मोजता येतात. तू नक्की काय पाहिलंस?

सरबताचं म्हणशील, तर खऱ्या रंगाचं रक्त आधी लावून पाहिलं होतं, पडद्यावर ते चिखल दिसतं. कोटाचं मात्र कबूल.

लोभ आहे तसाच राहो. माझा हात ओळखण्याबद्दल काही म्हणत नाही.

तुझी
मुंगी


२४ मार्च

चि. मुंगी आणि चि. भुंगा यांस,
अ. उ. आ.

शेजारणीच्या मुलीला विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

मला तर आठवतही नाही. पण ती सांगते, मी नेहमीच तसं करते. बातम्यांत काही वाईट आलं की हात आपोआप जातो. चष्म्याशिवाय मला माणूस आणि कपाट सारखंच. पहिल्या प्रतीत चष्म्यापर्यंत हात जाईतो दार लागलंसुद्धा होतं. दुसरीत जे धूसर होतं ते माझे डोळे. तेव्हा माझा निकाल रद्द समजा. भुंग्या, स्टुडिओतल्या लोकांना हेही वाचून दाखव, या खेपेला सगळं.

एक मात्र मनात राहिलंय. तो गोदामवाला पुढे कुठे गेला? जिन्यात पडला, पुढच्या प्रसंगात पोलाद गच्चीवर उभा, आणि त्या माणसाचं नावही कोणी काढत नाही. वाईट माणूस खरा, पण हात मोडल्यावर दुसऱ्या दिवशी शर्ट कसा घातला असेल? छापखान्याच्या कटाई यंत्रात दादाची बोटं गेली, तेव्हा मी त्याच्या सगळ्या शर्टांना टिचबटणं लावून देते म्हटलं होतं. नको म्हणाला. काजांचेच शर्ट घालायचा. तुम्ही शाळेला निघून जायचात तरी याचं तिसरं बटण चाललेलं असायचं.

सिनेमातलं मला काही कळत नाही. नुसतं विचारलं.

तुमची
धूसर आत्या


२८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळं वाचून दाखवलं. लोक माझ्यावर हसले, तेव्हा समाधान मान.

मग ताईच्या खोलीत गेलो, कारण जे सांगायचं होतं ते दुसऱ्या कोणाला सांगता आलं नसतं. बाबांची पट्टी बदलायची वेळ झाली की तू मला गॅलरीत पाठवायचीस आणि दार लावायचीस. ताई आत तसराळं धरून उभी असायची. मी लहान होतो, तू बरोबरच केलंस. पण आवाज यायचे. दाराआड मी जे पाहिलं ते खऱ्या हातापेक्षा कितीतरी भयंकर होतं, आणि ते मी अजून बघतोय. जिन्यातला तो प्रसंग तिथून आला. ताई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, आत काही भयंकर नव्हतं. बाबांना फक्त थंडी वाजायची, आणि तसराळ्यात बघू नये म्हणून ते तिला पाढे म्हणायला लावायचे. त्यांचा हात कुठे संपतो तेवढंच तिने पाहिलं होतं.

 मग मीच सांगितलं, की गोदामवाल्याचं बटण लावणं मी चित्रित केलंय. नटाला हात बांधून दिला होता आणि शर्ट घाल म्हणून सांगितलं होतं. त्याला जमेना. थांब म्हणायचं मी विसरलो आणि कॅमेरा चालूच राहिला. गती जाते म्हणून तो तुकडा मीच आधी फेकला होता, ताईच्या हाती पोचूही दिला नाही.

तिने तो काढून लावायला सांगितलं. पुढचं ती लिहील.

माझ्या मायेत कपात नसावी.

तुझा
भुंगा


३१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रत बंद झाली. घाईत लिहितेय.

दार उघडंच ठेवलं. हात मोडतो तोही तसाच आहे, जवळून, उजेडात. ते मी मान्य केलं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं बरंचसं मारणं गेलं, ते त्याने मान्य केलं. मग पोलादची गच्ची, आणि लगेच गोदामवाला आणि त्याचा शर्ट. तो तुकडा मी अजिबात कापला नाही. हाताची पट्टी सुटलीय, आतलं दिसतं, तेही दिसू दिलं. उगीच सांत्वन करणारं संगीत काढून टाकलं. भुंगा म्हणाला, लोक कंटाळतील. मी म्हटलं, कंटाळू देत. तो म्हणाला, हे वाक्य माझं असायला हवं होतं.

एवढ्याने टाळ्या थांबतील का, मला माहीत नाही. त्यालाही नाही. नाव मात्र राहिलं. दोघांचं एकाच पाटीवर, खोक्यावर होतं तसं.

पहिल्या खेळाला ये. भुंगा तुझ्याशेजारी बसेल. मला आवाजावर लक्ष ठेवायला मागे उभं राहावं लागेल.

येशील तेव्हा लोभ सोबत आणावा.

तुझी
मुंगी


१९ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचले. निघताना तू गर्दीत होतीस, म्हणून राहिलेलं लिहिते. भुंग्याला हे दाखवू नकोस, त्याला चारचौघांत कौतुक सोसत नाही.

तू मागे होतीस, तुला फक्त डोकी दिसली असतील. हात मोडला तेव्हा टाळ्या पडल्या, त्या तूही ऐकल्यास. कमी पडल्या, पण पडल्याच. भुंगा खुर्चीत खाली सरकला. मग तो शर्ट आला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या पुढच्या रांगेतला एक जण होता. त्याचे हात आधी मांडीवर आले, मग तो स्वतःच्याच मनगटाशी चाळा करत बसला. दुसरा एक उठून बाहेर गेला. कोणी तरी हसलंही. तुम्हा दोघांत कोण बरोबर होतं ते मला अजून सांगता येत नाही, आणि आता कोणी विचारूही नये.

माझं म्हणशील, तर मारामारी मी चष्म्यातून पाहिली. तयारीने गेले होते, घट्ट बसले होते. पण त्या माणसाने डाव्या हाताने पहिलं बटण धरलं, आणि माझा हात कधी गेला ते मला कळलंच नाही. सगळं धूसर झालं. बटणाचा आवाज होत नाही ना गं, त्यामुळे काहीच उरलं नाही.

भुंग्याने पाहिलं.  त्याने माझ्या मांडीवरचा चष्मा उचलला, आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि माझ्यापुढे धरला. डोळ्यांना लावायला आला नाही, घे असंही म्हणाला नाही. नुसता धरून राहिला.

मी घेतला. शेवटचं बटण राहिलं होतं, ते मी पाहिलं.

कोट अजून खांद्यात ओढतोय.

तुझी आत्या