गाळा मुकेशला का दिला

मी, किसन सावळाराम गांगुर्डे, वय वर्षे ६८, धंदा मोटारीतल्या चामड्याच्या सीट साफ करणे व राखणे, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण गाळ्याबद्दलचा माझा विचार ऐकून मुलगा बुद्धभूषण म्हणाला होता, "पप्पा, तुमचं डोकं फिरलंय." फिरलेले नाही. माझ्यावर कोणाचा दबावही नाही. खाली लिहिलेले सर्व माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. वडिलांकडून मला धम्म आणि तापट स्वभाव मिळाला, त्या दोन्हींची वाटणी करता येत नाही.

१. कात्रपचा फ्लॅट माझ्या पश्चात पत्नी द्रौपदी हिचा, व तिच्या पश्चात बुद्धभूषणचा. फ्लॅटमध्ये कोणाला ठेवायचे व कोणाला नाही हे ती जिवंत असेपर्यंत तीच ठरवील. बँकेतली ठेव आधीपासून तिच्याच नावावर आहे. हे लिहिताना ती म्हणाली, "मेल्यावरसुद्धा सूचना द्यायची हौस फिटणार नाही तुमची." ते खरे आहे.

२. माझी हत्यारे, म्हणजे घोड्याच्या केसांचे तीन ब्रश, सुती फडकी आणि शिलाईतली धूळ काढायचा बारीक ब्रश, ही मुकेश धोंडिबा भोईर याला द्यावीत. मुकेश गेली अठरा वर्षे माझ्याकडे काम करतो. त्याला डावा हात मनगटापासून नाही. कोपराने सीट दाबून धरतो आणि उजव्याने असा ब्रश फिरवतो की दोन हातवाल्यांनी बघत राहावे. त्याला शिकवण्यासारखे काही उरलेले नाही, पण गिऱ्हाइकांसाठी लिहून ठेवतो. आधी धूळ काढावी, मग साबणाचा फेस घ्यावा, पाणी नव्हे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघावे. ओले चामडे उन्हात वाळवू नये. शेवटी मलम हलक्या हाताने लावावे. टायर चमकवायचा स्प्रे सीटवर मारणाऱ्याला माझ्या गाळ्यात पाऊल ठेवू देऊ नये.

माझ्या वडिलांनी छप्पन साली धर्मांतर केले, त्या दिवसापासून मेलेले ढोर ओढणे आणि चामड्याला हात लावणे बंद केले. मी साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर लागलो, चामड्याच्या सीट पुसतो असे कौतुकाने सांगितले, तेव्हा म्हणाले, "आम्ही टाकलं ते तू उचललंस?" मी म्हणालो, "आबा, ते ढोर नाही, साहेबांची गाडी आहे." त्यावर ते म्हणाले, "साहेबाची म्हणून सोन्याची झाली होय?" मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही.

३. माझे भिंग उल्हासनगर कॅम्प चारमधल्या माझ्या गाळ्याशेजारचे दुकानदार लीलाराम यांना द्यावे. भिंगातून अस्सल चामड्याची छिद्रे वेडीवाकडी दिसतात, नकलीची एकसारखी. लीलाराम बारा वर्षे रेक्झिनची कव्हरे चामड्याची म्हणून विकत आहेत आणि विचारले की म्हणतात, "अरे भाऊ, लेदर हो या रेक्झिन, बैठना तो आदमी को ही है." त्यांनी मरण्यापूर्वी एकदा तरी भिंगातून बघावे. भिंग मिळणार असल्याने त्यांना या कागदावर साक्षीदार होता येणार नाही, असे वकील भावना मॅडमनी सांगितले. लीलाराम त्यावरून रुसले आहेत.

४. उल्हासनगर कॅम्प ४ मधला माझा गाळा मी मुकेश भोईर याला देत आहे. बुद्धभूषणला तो विकून ऐरोलीला ऑफिसजवळ घर घ्यायचे होते. त्याने मला विचारले, "रक्ताच्या नात्यापेक्षा कामाचा माणूस मोठा?" प्रश्न बरोबर आहे. मी उत्तर दिले नव्हते, ते येथे देतो.

२००३ साली मी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या साहेबांची गाडी चालवत होतो. परदेशातून आणलेली गाडी, आत दुधाच्या साईच्या रंगाच्या चामड्याच्या सीट. फेब्रुवारीत प्रेस मशिनमध्ये एका मुलाचा हात सापडला. तो मुकेश, तेव्हा तेवीस वर्षांचा. रुग्णवाहिका यायला वेळ होता. सुपरवायझर ओरडला, साहेबांची गाडी काढ. दोघांनी मुकेशला उचलून दारापाशी आणले. मी दार उघडले, सीट बघितली, आणि म्हणालो, "थांबा."

मी पॅकिंग खात्यात धावलो. प्लॅस्टिकचा रोल मिळाला, कापायला पाते मिळेना. पाते शोधले, प्लॅस्टिक कापले, आणून सीटवर अंथरले. नुसते अंथरले नाही, चारही कोपरे नीट आत खोचले. तोवर मुकेश दोघांच्या हातांवर लोंबकळत होता. मग मी गाडी अशी हाणली की लोक अजून माझ्या त्या ड्रायव्हिंगची गोष्ट सांगतात. प्लॅस्टिकची कोणी सांगत नाही.

हात वाचला नाही. प्लॅस्टिकपायी गेलेल्या चार मिनिटांनी फरक पडला नसता असे डॉक्टर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला, "किसन, डोकं चालवलंस, सीटला डाग नाही." आणि मला बरे वाटले. दिवसभर बरे वाटत होते. हे लिहिण्यासाठीच मी हा कागद घेतला.

पुढे गाळा घेतला तेव्हा मी मुकेशला शोधून कामाला ठेवले. कात्रपपासून कॅम्प चारपर्यंत सगळे म्हणाले, किसन मनाने मोठा. मी कोणाला खोडून काढले नाही. तो तेव्हा अर्धवट शुद्धीत होता, त्याला प्लॅस्टिक आठवत नसेल, असे धरून मी अठरा वर्षे त्याच्यासोबत एका डब्यात जेवलो.

मृत्युपत्र आधी कोणाला वाचून दाखवावे लागत नाही, असे भावना मॅडम म्हणाल्या. मी मुकेशला दाखवणार आहे. हे ऐकून तो गाळा घेतो की उठून जातो, हे मला जिवंतपणी कळले पाहिजे. मला त्याची भीती वाटते.

५. (हे कलम आज, वाचन झाल्यावर लिहीत आहे.)

वाचन गाळ्यातच झाले. बुद्धभूषणही होता. चौथे कलम संपल्यावर मुकेशने हातातले फडके पिळून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "काका, तुम्ही अर्धंच लिवलंय."

मी विचारले, काय राहिले?

"'सीट खराब होईल, कायतरी टाका खाली,' असं मीच बोललेलो. तुम्ही दार उघडलंत तेव्हा. विसरलात?"

विसरलो नव्हतो. त्याच्यावर ढकलल्यासारखे होईल म्हणून लिहिले नव्हते. मी तसे सांगितले.

तो म्हणाला, "हात गेला त्याचं एवढं नाय वाटत. पण हात लटकत होता आणि मला सायबाच्या सीटचं पडलेलं, त्याची लाज वाटते. बायकोला पण सांगितलं नाय कधी." मग म्हणाला, "पहिल्या वर्षी तुम्ही गावाला गेलेलात, तेव्हा एक गाडी आली. बाळंतिणीला नेलेली. सीटभर रक्त. मी एकट्यानं केली. थंड पाण्याचं फडकं, फेस, परत थंड पाणी. किती वेळ लागला माहितीय? अर्धा तास. डाग पण नाय राहिला. गाडी देऊन टाकली आणि शटर ओढून रडलो."

मीही रडलो. बुद्धभूषणसमोर पहिल्यांदाच.

मुकेश गाळा घ्यायला तयार आहे. त्याने घातलेली अट मला मान्य आहे, ती अशी: गाळ्याबाहेर मोठा बोर्ड लावायचा, की जखमी माणसाला दवाखान्यात नेलेल्या गाडीची सीट इथे फुकट साफ करून मिळेल, गाडी कोणाचीही असो, ड्रायव्हरने मालकाला घाबरू नये.

बुद्धभूषणने विचारले, "बोर्ड किती बाय किती?"

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील भावना मॅडम करतील. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. बोर्डाची अट आजपासून लागू आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

सही: किसन सावळाराम गांगुर्डे

साक्षीदार:
१. डॉ. स्वप्नाली रणपिसे, बदलापूर पूर्व (सही)
२. गुरुदत्त अनंत सोमण, निवृत्त कारखाना अधिकारी, अंबरनाथ (सही)

स्थळ: उल्हासनगर कॅम्प ४
दिनांक: १४ डिसेंबर २०२५