माझे संवाद आणि पौर्णिमाची आई

२ मार्च
भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी एकांकिका लिहायला घेतली. विषय: नवरा-बायकोचं भांडण. संवाद ही माझी ताकद आहे, हे अख्ख्या कामरगावला माहीत आहे. नसेल तर १४ एप्रिलला होईल.

११ मार्च
पूर्ण! नायक सुरुवातीलाच दीड पान बोलतो. नायिका ‘होय’ म्हणते. मग नायक पुढे बोलतो. दिग्दर्शक देवमनभाऊ वाचून म्हणाला, हे भांडन हाय का भाषन? इथं कोनी कोनाले काही इचारूनच नाही राह्यलं. त्याला नाटकातलं काय कळतं? तरी त्याच्या समाधानासाठी एका ‘होय’पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

१९ मार्च
नायिका मिळेना. शेवटी पौर्णिमाच्या आईला, म्हणजे आमच्या मंडळींनाच, तयार केलं. नायक अर्थात मी. एवढं पाठ दुसऱ्या कुणाला होणार? तिला काम सोपं आहे. ती म्हणाली, घरी बी ‘हो’च म्हनून राह्यली, तिथं बी म्हनीन. सहकार्याची वृत्ती चांगली आहे.

२९ मार्च
तालीम. वैताग. पौर्णिमाची आई माझ्या वाक्यात घुसते. म्हणे, इतकं गप ऐकनारी बाई कोन्या गावात असते जी? संवादाला शिस्त लागते हे हिला कोण सांगणार? मीच सांगितलं, अर्धा तास. देवमनभाऊचा सल्ला: चौकात बसा, लोक कसे बोलतात ते ऐका. ठीक आहे. उद्यापासून रोज.

३० मार्च
चौकात गेलो. ऐकायला वेळच मिळाला नाही. मीच बोलत होतो. विषय: संवादलेखन.

३१ मार्च
चौक रिकामा. ऊन फार आहे.

१५ एप्रिल
काल घोळ झाला. नायिकेचं नाव सुनयना, पण ऐन रंगात तोंडातून निघालं, ‘पौर्णिमाची आई, तू मला समजून घे!’ गाव खदखदून हसलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण ही माइकसमोर आली अन् म्हणाली, मले काही नाव नाही का? लगन झाल्यापासून एकदा तरी घेतलं का? घ्या बरं आज. दीड पान पाठ होतं, त्यात याचं उत्तर नव्हतं. नुसता उभा राहिलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग देवमनभाऊनं पडदा पाडला. पाहुणे म्हणाले, नायकाला गप्प ठेवण्याची कल्पना फार ताकदीची. मी मान तुकवली. खरं सांगायचं तर लाज वाटली.

१६ एप्रिल
ती बोलत नाही. जेवण वाढते, आत जाते. करमत नाही. ठरवलं: आता भाषण बंद. तिला नावानं हाक मारायची आणि एक साधा प्रश्न विचारायचा. आधी इथं लिहून पाहतो. भागिरथा. जमलं.

संध्याकाळी
चहाच्या वेळी समोर बसलो. घसा खाकरला. हाक मारली. तिनं चटकन वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, माझं काम कसं झालं?
ती कपबशी उचलून आत गेली.