माइकाचं पदक

मारिसेल टीचर,

रागावले की मला फक्त मराठी सुचते, त्यामुळे हे पत्र काही तुम्हाला पाठवता येणार नाही. मी माइकाची आई, जोआना. माहेर वसईचं, नवरा तुमच्या फिलिपिन्सचा, आणि दोघांच्याही ड्यूट्या दोहातल्या हॉस्पिटलात. म्हणून लेक तिकडे आजीकडे, तुमच्या वर्गात होती.

वर्षअखेरीला हुशार मुलांच्या गळ्यात अभ्यासाचं पदक पालकांनी घालायचं, ही तुमच्याकडची पद्धत. माझ्या जागी सासूबाई स्टेजवर चढल्या. मी मोबाइलवर बघून टाळ्या वाजवल्या, रडले, अख्ख्या वॉर्डला फोटो दाखवला.

आता तिला कायमची इकडे आणलीय. काल इथल्या अल हिलाल भागातल्या हॉटेलात मेनूकार्ड हातात दिलं, तर नुसती चित्रांवर बोट ठेवत बसली. चौथीतल्या मुलीला 'राइस' वाचता येईना! मग पदक कसलं?

विचारलं तर म्हणाली, "टीचर सेड, युवर मम्मा इज सो फार. लेट हर क्लॅप."

तेव्हापासून माझं डोकंच चालेनासं झालंय. वर्गात साठ मुलं, दुपारी त्याच बाकांवर दुसरी साठ. तुम्ही तरी कुणाकुणाकडे बघणार? पण मला सांगायचं तरी! की सांगितलं असतं तर मी तुमच्याशीच भांडले असते?

उद्या इथल्या शाळेची प्रवेशपरीक्षा आहे. पदक घालूनच जाणार म्हणतेय. आत्ता जेवतेय तीही ते घालूनच.

काढायला सांगू का, टीचर? आणि काय म्हणून सांगू?

तुमच्यासाठी टाळ्या वाजवलेली,
जोआना