गाळलेलं वाक्य

११ ऑगस्ट
दादाकडे ज्वारीच्या कोठीमागे पत्र्याचा डबा सापडला. पांढरी पावडर. वासावरून ओळखली, डीडीटी. शेतीत बंदी येऊन जमाना झाला, वहिनी अजून धान्याला चोळते. तिची कविता लहान असताना उवांसाठी पोरीच्या डोक्यालाही हीच.
"औषधच हाये ना बाई. सासूबाईच्या हातचा डबा हाये तो."
म्हणजे माझ्या आईचा.
औषध! या शब्दापायी माणसं बेसावध मरतात. उद्या सभेत हाच शब्द धरायचा.

१२ ऑगस्ट
ढाणकीची सभा. बायकाच जास्त. "औषध म्हणू नका, विष म्हणा!" तीनदा म्हणवून घेतलं.
मग दुसरा घाव. डीडीटी अंगात मुरलं की त्याचं डीडीई होतं. बाप मरतो, पिल्लू राहतं. चरबीत दडून वर्षानुवर्षं. आणि बायांनो, ते बाहेर पडतं कुठून? आईच्या दुधातून.
टाळ्या, थांबेचनात. भाची कविता पुढच्याच रांगेत होती, तीन महिन्यांची पोर मांडीवर. आज आवाज चांगला लागला होता.

१६ ऑगस्ट
कवितानं पोरीला अंगावर पाजणं सभेपासून बंद केलंय. मला आज कळलं. डब्याचं दूध, बाटली. स्वतः छातीला ओढणी आवळून तापात पडलेली.
"पाज तिला," म्हणाले.
"तूच म्हणली ना आत्या, विष म्हणा? मी पोरीले विष पाजून राह्यली होती."
"तसं नाही गं."
"मंग तवा काहून नाही म्हणली?"
वहिनी चुलीपाशून : "टाळ्या वाजवाले मीबी होती. माह्याच पोरीचं दूध आटवाले टाळ्या वाजवल्या मी."
पावडर तिनं उकिरड्यावर ओतली आहे. त्यात कोंबड्या टिपतायत. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

१९ ऑगस्ट
पोरीला हगवण. उमरखेडला दाखल. घरची माणसं बाटली हंड्यातल्या न उकळलेल्या पाण्यात विसळायची. सलाईनला शीर मिळेना. दोन्ही हात, मग पाय, शेवटी डोक्याला. तिच्यात ओरडायचंही त्राण नव्हतं.
डॉक्टरीणबाई कोवळ्या वयाच्या. "अंगावरचं कोणी तोडलं?" वहिनीनं माझ्याकडे बोट केलं.
"तुम्ही? कॉलेजात तुमचं भाषण ऐकून मी नाव नोंदवलं होतं वक्तृत्वाला." मग आवाज बदलला. "डीडीई थोडंफार सगळ्यांच्याच अंगात असतं. तुमच्याही. तरी आईचं दूध तोडायचं नसतं. एवढं वाचता, हे नाही वाचलं?"
वाचलं होतं. टिपणात होतं, लाल शाईत, अधोरेखित : तरीही पाजत राहा. टाळ्या आल्या तिथं थांबले. त्या टाळ्यांवर ते वाक्य मिळमिळीत पडलं असतं.
डॉ.ना म्हणाले, "राहून गेलं."
खोटं. गाळलं होतं.

२१ ऑगस्ट
हगवण थांबली. पोर डोळे उघडते. रडते, पण डोळ्यांत पाणी येत नाही.
दर दोन तासांनी छातीला लावायचं, दूध परत येईल असं डॉ. म्हणतात. खात्री देत नाहीत. पोर बाटलीला सोकलेली, तोंड फिरवते. कविता तिचं डोकं धरून दाबते, मग स्वतःच रडते.
दुपारी नेरहून फोन, पुढच्या सभेच्या आयोजकांचा. "ताई, ते दुधाचं जरूर घ्या. लोकं लय हालतात त्यानं."
हो म्हणाले. जिभेला सवयच तशी. वार विचारला, लिहूनही घेतला. भान आलं तेव्हा फोन ठेवलेला होता. नाही म्हणायला उलट फोन अजून केलेला नाही.

२३ ऑगस्ट
सकाळी वॉर्डात गेले. कविता पोरीला घेऊन बसलेली, पदर सोडलेला.
"आत्या, भाईर जाय. तू असली का माहं आंग आखडते."
व्हरांड्यात उभी राहिले. आत पोर रडत होती. खूप वेळ. मग एकदम थांबली.
छातीला लागली म्हणून थांबली, की दमून...
"वहिनी," म्हटलं. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.
वहिनी आतच होती. ओ दिली नाही.