हार्ड, हार्डर, हार्डेस्ट

१२ एप्रिल १९३४, सकाळ
खामगावातलं स्टेशनाकडचं कापसाचं जिन गेल्या महिन्यात बंद पडलं. साहेब मॅनेजर कराचीला गेला. पियानो नेला, कुत्रे ठेवून गेला. तीन. फाटकाशी बसून रस्त्याकडे बघतात.
आज दवंडी झाली. ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही अन् पट्ट्यावर मालकाचं नाव नाही, त्याला तीस तारखेला विषाचा लाडू.
जागच्या जागी निर्णय घेतला. सायकलचं दुकान दुपारपर्यंत बंद ठेवून मंडळ स्थापन केलं. नाव ‘हाउंड होम’. अध्यक्ष मी. स्वयंसेवक रहेमतुल्ला, शेजारचा पिंजारी. तो कापूस पिंजत होता, म्हणून त्याचा नकार मला ऐकू आला नाही.
ध्येय: तिघांना प्रतिष्ठित घरं. आमच्या घरी एकही नाही. सौ.ने बजावूनच ठेवलंय, पोपट तुम्ही आनला, बकरी तुम्ही आनली, निस्तरलं कोनं? यात अतिशयोक्ती आहे. पोपट आपल्या मर्जीने उडाला.

१३ एप्रिल
नामकरण. कुत्रे साहेबाचे, तेव्हा नावं इंग्रजीच हवीत. माझं इंग्रजी स्वकष्टाचं आहे, कोण्या मास्तरच्या उपकाराचं नाही. डिक्शनरी बाजारात जुनी मिळाली, ती एचपासून सुरू होते. ए ते जी गहाळ. त्याने काही अडत नाही. ए ते जी हे शब्द सर्वांना येतातच.
तिसऱ्याच पानावर सापडलं: हार्ड, म्हणजे टणक, काटक. मग उंचीप्रमाणे व्याकरणशुद्ध नावं ठेवली. धाकटा काळा हार्ड, मधला हार्डर, मोठी पिवळी हार्डेस्ट. असं अख्ख्या वऱ्हाडात कोणाला सुचलं नसेल.

१५ एप्रिल, संध्याकाळ
पहिली हजेरी. पाच हात अंतरावरून. (भीती नाही. शिस्त.) खणखणीत आवाजात तिन्ही नावं घेतली. तिघंही शेपट्या पोटाशी घेऊन सरकीच्या ढिगामागे.
कारण उघड आहे. मॅनेजर स्कॉच होता. उच्चार वेगळा.

१६ एप्रिल
आवाज वाढवला. कुत्रे तेलाच्या गिरणीपर्यंत गेले. वाटेतले आणखी चार कुत्रेही गेले, ज्यांचा मंडळाशी काही संबंध नाही. एक गायसुद्धा उठली.
रहेमतुल्ला म्हणाला, काऊन भगवानभाऊ, याइले वाचवाचं हाय का हाकलाचं हाय?
मी सांगितलं, याला ट्रेनिंग म्हणतात.
हाव, म्हणे, मंग कुत्रेच अडानी हायेत. पहिल्यांदा तो मुद्द्याचं बोलला.

१९ एप्रिल
दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या.
एक, घरात भाकरी पुरत नाही. सौ. म्हणते, उंदीर. उंदरांनी कोरभरही ठेवली नाही, म्हणजे मोठे असावेत. पिंजरा आणायचा.
दोन, सौ. मागच्या अंगणात हळूच ‘यू, यू’ म्हणताना ऐकली. इतक्या वर्षांच्या माझ्या संगतीचा परिणाम. सर्वनामापासून सुरुवात केली, हेही योग्य. वाय माझ्या भागात येतो. विचारलं असतं तर अर्थासकट सांगितलं असतं.

२० एप्रिल
कुत्रे अंगाने भरले आहेत. पळण्याचा व्यायाम.

२२ एप्रिल
जुन्या टायरचे तीन पट्टे केले. आत कापड, बाहेर रबर, बकल पंपाच्या पट्टीचं. गाठ दिसत नाही. मालकाच्या नावाची जागा कोरी सोडली. दुकानाच्या खुंटीला टांगले.
उत्तमराव वकिलांना राखणीला कुत्रा हवा आहे. बंगला नवा, संत्र्याची बाग मोठी. त्यांनी एक नेला की बाकी दोघांवर गावातले शिकलेले लोक उड्या टाकतील. पंचवीसला बघायला येतात. मी त्यांना शब्द दिलाय की कुत्रे नावाला ओ देतात. तीन दिवसांत देतीलच.

२५ एप्रिल, रात्री
घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट होईल.
जिनच्या फाटकाशी मी उभा. कुत्रे पलीकडे. रहेमतुल्ला लांब झाडाखाली बसला, म्हणे मी इथूनच पाह्यतो. वकिलांचा टांगा आला. वकिलांनी एक पाय पायरीवर ठेवला. नेमकं तेव्हाच मी हजेरी सुरू केली. सर्व जोर पहिल्या नावावर दिला.
वकील तसेच थांबले. एक पाय पायरीवर, एक हवेत. मग म्हणाले, कोनाले हाड म्हनून राह्यले बे? वकील एरवी अगदी पुणेरी बोलतात.
मी खुलासा केला की हार्ड हे विशेषण आहे. अन् उदाहरणादाखल पुन्हा म्हणून दाखवलं. हार्डरही म्हटलं.
टांगा वळला. घोडाही जरा घाईतच होता.
कुत्रे तर आधीच गेले होते.
रहेमतुल्ला अजून झाडाखालीच. तोंडावर कापूस धरून बसला होता.

२७ एप्रिल
जिनपाशी कुत्रे नाहीत.

२८ एप्रिल
नाहीत. खुंटीवरचे पट्टेही नाहीत. चोरी. या गावात चांगल्या कामाला हात लावायची सोय राहिली नाही.

२९ एप्रिल, रात्री
फरशी भागापासून स्टेशनापर्यंत, गल्ली न् गल्ली नावं घेत हिंडलो. लोक ओट्यांवरून उठून आत गेले. एका म्हातारीने दार लावून घेतलं. कुत्रा म्हणून एक दिसला नाही.
लाडू खाल्लेलं कुत्रं मी मागे एकदा पाहिलंय. ते लिहायचं नाही.
घसा बसला. आवाज मुळीच निघत नाही. जेवलो नाही.

३० एप्रिल, सकाळ
पहाटे पाणी प्यायला मागच्या अंगणात गेलो. घशातून शब्द निघत नसल्याने गुपचूप गेलो. चुलाण्यापाशी तिघंही झोपले होते. गळ्यात माझे पट्टे. पट्ट्यांवर पांढऱ्या रंगात सौ.चं नाव: शारदाबाइ. (दीर्घ ई हवी होती.) हार्डेस्टने डोळा उघडला, मला पाहिलं, पुन्हा मिटला. पळाली नाही. मी जवळ बसलो. एक हात अंतर, फार तर अर्धा.
लाडूवाला आला, पट्टे वाचले, पुढे गेला.
सौ.ने खुलासा केला. पट्टे रहेमतुल्लाने आणून दिले अन् अक्षरंही त्याचीच. उंदीर नव्हते. अन् तुमाले नाई सांगतलं, म्हणे, कारन तुमी बोलावलं असतं.
तिने नावं बदलली आहेत: लायना, मधला, मोठी. म्हणजे पद्धत माझीच, भाषांतर तिचं. हे मंडळाच्या इतिहासात नोंदवलं पाहिजे.

३० एप्रिल, संध्याकाळ
घसा सुटला. अंगणात जाऊन मंडळाचं समारोपाचं भाषण सुरू केलं. कुत्रे ऐकत होते. हार्डचं नाव येणार, इतक्यात सौ. चुलीपासून न वळताच म्हणाली, हाड.
कोणाला, ते तिने सांगितलं नाही. कुत्रे जागचे हलले नाहीत.
मी ओट्यावर येऊन बसलो आहे. तिचा उच्चार सदोष आहे, मधला र अजिबात येत नाही.