कर्णा वाजला की पाय कुठे जातात

पप्पा,

आज सकाळी माझे पाय बाहेर गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगायचं होतं. चहा टाकून लिहायला बसले आहे.

मोर्शीच्या घरी तुम्ही उपासनेनंतर आम्हाला अंगणात बसवून बायबलमधलं प्रकटीकरण सांगायचे. सात डोक्यांचं श्वापद, त्याची खूण, मग शेवटचा कर्णा आणि नवरदेवासारखं प्रभूचं येणं. एकदा भल्या पहाटे रस्त्यावर पितळी बाजा कडाडला. दादा पलंगाखाली शिरला. मी अनवाणी अंगणात धावले आणि आभाळाकडे बघत उभी राहिले. परतणारी वरात होती, कुणा बँडवाल्याने गंमत म्हणून फुंकलं होतं. मला अजून दिसतं, तुम्ही हसत नाही. शेजारी येऊन उभे राहता, अंगात धुतलेला सदरा. "तुमी पण तयार झाले, पप्पा?" "मंग! मळक्या सदऱ्यानं भेटू काय त्याले?" मग आत जाऊन दादाला ओढता, "नीघ बाहेर, पैलवान! पोरगी कुठं पळाली अन् तू कुठं!" मी विचारते, श्वापद आपल्या घरी आलं तर? "थे शिंगं दाखवत येत नाही, माय. पेढ्याचा डबा घेऊन येते. म्हनते, फक्त एवढंच कर." मग ओळखायचं कसं? "आता कर्णा वाजला तर बाहेर धावशीन का लपशीन, सोताले विचारायचं. झालं."

पेढे आले, पप्पा. खरंच पेढे. अमरावतीत मी ज्या क्लासमध्ये गणित शिकवत होते, तिथले सर मला अकोल्याच्या नव्या शाखेची प्रमुख करायला निघाले होते. राहायला फ्लॅटसुद्धा. "मॅडम, फक्त एवढंच करा. उद्घाटनाला स्टेजवरून सांगा, बॅनरवरची ही सगळी पहिली आलेली पोरं तुमच्या हाताखाली शिकली." त्यातलं एकही पोरगं मी पाहिलेलं नव्हतं. विचार करून सांगते म्हणाले, आणि गॅलरीत कुंड्या कुठे ठेवायच्या तेही मनात ठरवून टाकलं. त्याच दिवसांत आमच्या वलगाव रोडवरून वरात गेली. बाजा वाजताच मी खिडकी लावून घेतली. कडीवर हात असतानाच तुमचा तो सदरा आठवला.

काल जाऊन नाही म्हणाले. सर म्हणाले, "सगळेच करतात हो. तुम्हालाच काय स्वर्गाचं तिकीट काढायचंय?" मी कुणासमोर कधी बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण हसूच आलं. म्हटलं, "तिकीट कुणीतरी आधीच काढून ठेवलंय, सर. मला नुसतं स्टेशनावर हजर राहायचंय." आजपासून माझे वर्ग बंद. पुढे काय, माहीत नाही. पण काल मी लहानपणासारखी झोपले.

आणि आज तो बाजा! मी अनवाणी, केस मोकळे, थेट रस्त्यावर. शेजारीण ओरडली, "काहो मॅडम, घरचं लगन हाये काय?" घोड्यावर नवरदेव होता, फेट्यात घामाघूम, मोबाइलवर बोलत. मी तरीही वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, मोकळं.

हे कुठे पाठवायचं नाही. भेटल्यावर तोंडीच सांगेन. एक मात्र कबूल करते, हा दुसऱ्याच कुणाचा नवरदेव आहे हे पाहून मी क्षणभर खट्टू झाले. मग घरात आले आणि धुतलेली साडी नेसले.